सोसायटीतील दंड : किती, कोणी आणि कसा ठरवावा?

या महिन्यात सदराकडे आलेल्या पत्रांत गृहनिर्माण संस्थांमधील दंडाविषयीची पत्रे सर्वाधिक आहेत. काही दंड लावणाऱ्या पदाधिकाऱ्यांची आहेत, तर काही दंड भरावा लागलेल्या सभासदांची. दोन्ही बाजूंचा त्रास खरा आहे, म्हणून या वेळचे सर्व सदर याच विषयाला दिले आहे. पत्रे संक्षिप्त केली असून लेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : आमची ८४ सदनिकांची नोंदणीकृत सहकारी गृहनिर्माण संस्था आहे. दुसऱ्याच्या जागेत गाडी लावणे, जिन्यात चपलांची कपाटे ठेवणे, ओला आणि सुका कचरा एकत्र टाकणे, रात्री उशिरापर्यंत मोठ्याने गाणी लावणे अशा तक्रारींनी व्यवस्थापक समिती हैराण झाली आहे. समितीच्या बैठकीत आम्ही सर्व उल्लंघनांना सरसकट दिवसाला ५०० रुपये दंड ठरवला आणि तो सूचनाफलकावर व व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहीर केला. काही सभासद हा ठरावच बेकायदेशीर असल्याचे सांगतात. दंडाची योग्य रक्कम कशी ठरवावी?
(सचिव, डोंबिवली)

उत्तर : आपल्या सभासदांची हरकत योग्य आहे. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० आणि आपापले नोंदणीकृत उपविधी (संस्थेची स्वतःची नियमावली) यांनुसार चालतात. सत्त्याण्णवाव्या घटनादुरुस्तीनंतर २०१३ मध्ये या अधिनियमात बदल झाले आणि त्यांना अनुसरून २०१४ चे आदर्श उपविधी आले. त्यांतील १६५ क्रमांकाचा उपविधी दंडाविषयी आहे. कोणत्या उल्लंघनाला किती दंड असावा हे ठरवण्याचा अधिकार तो सर्वसाधारण सभेला देतो, समितीला नाही. उल्लंघन आढळल्यावर समितीच्या सूचनेवरून सचिवाने त्या सभासदाला कारणे दाखवा नोटीस द्यावी, त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी मिळावी आणि त्यानंतरच दंड आकारला जावा, असा क्रम त्यात अपेक्षित आहे. एका आर्थिक वर्षात या दंडाची कमाल मर्यादा ५,००० रुपये आहे. आपल्या संस्थेने २०१४ चे उपविधी स्वीकारले नसतील, तर जुन्या प्रतीत क्रमांक आणि मर्यादा वेगळ्या असू शकतात. म्हणून पुढचे पाऊल टाकण्यापूर्वी निबंधक कार्यालयाचा शिक्का असलेली आपली प्रत काढून वाचावी.

आता आपल्या ठरावातील रकमेकडे पाहू. दिवसाला ५०० रुपये या दराने ५,००० रुपयांची मर्यादा दहा दिवसांत संपते. अकराव्या दिवसापासून मार्चअखेरपर्यंत तो सभासद जिन्यात कपाट ठेवून राहिला, तरी समितीच्या हातात दंड नावाचे काही उरत नाही. कडक दिसावा म्हणून ठेवलेला दर अशा रीतीने स्वतःच निकामी होतो. उलट बाजूही पाहावी लागेल. सेवानिवृत्त सभासदाला एका दिवसाचे ५०० रुपये जड जातात, तर सुस्थितीतील दुसरा सभासद तेवढ्याच रकमेला पार्किंगचे भाडे समजून निर्धास्त होतो. सरसकट दराने पहिल्यावर अन्याय होतो आणि दुसऱ्यावर परिणाम होत नाही.

माझा सल्ला असा की रकमेचा विचार सर्वांत शेवटी करावा. आधी, ज्यांच्या उल्लंघनासाठी दंड लावायचा ते नियम लेखी स्वरूपात सर्वसाधारण सभेपुढे आणावेत. ‘सोसायटीत शिस्त पाळावी’ या वाक्याचे उल्लंघन झाले की नाही हे कोणीच सांगू शकत नाही, पण ‘पाहुण्यांच्या जागेत सभासदाने सलग १२ तासांपेक्षा अधिक काळ गाडी लावू नये’ या नियमाचे उल्लंघन घड्याळ पाहून सांगता येते. जो नियम इतक्या स्पष्ट शब्दांत लिहिता येत नाही, तो दंडाच्या यादीत घेऊ नये.

त्यानंतर प्रत्येक नियम मोडल्याने नेमके काय बिघडते, हे पाहावे. कपडे वाळवताना खालच्या गॅलरीत पाणी ठिबकणे हा उपद्रव आहे आणि त्याला सौम्य दंड पुरतो. जिना किंवा अग्निशमनाचे साहित्य असलेली जागा अडवणे हा धोका आहे. आग लागली तर त्याच जिन्याने म्हाताऱ्या माणसांना खाली उतरवायचे असते, त्यामुळे तेथे मुदत थोडी आणि दंड जास्त असणे न्याय्यच ठरेल. शिवाय महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ खाली अग्निशमन दलाकडे तक्रार करण्याचा मार्गही खुला राहतो. सभासदाच्या गाडीने फाटक वाकवले असेल, तर तो विषय नुकसानभरपाईचा आहे. दुरुस्तीचे बिल दाखवून तेवढीच रक्कम मागावी आणि तिला दंड म्हणू नये. दंड आणि भरपाई एकत्र केल्या की हिशेबही बिघडतो आणि वादही वाढतो. कचऱ्याच्या वर्गीकरणाबाबतही हेच लक्षात ठेवावे. महापालिकेने संस्थेला दंड केला आणि तो कोणामुळे झाला हे सिद्ध झाले, तर ती रक्कम त्या सभासदाकडून घेता येईल, पण महापालिकेच्या नावाने संस्थेने स्वतः पावती फाडू नये.

यानंतर रक्कम. मासिक देखभाल शुल्क हा मला सर्वांत समजूतदार आधार वाटतो, कारण ते शुल्क आपल्या इमारतीतील सभासदांना परवडते असे आधीच गृहीत धरलेले असते. समजा आपला मेंटेनन्स महिन्याला २,५०० रुपये आहे. पहिल्या वेळी केवळ लेखी समज द्यावी आणि चूक सुधारण्यासाठी सात दिवस द्यावेत. त्या मुदतीत कपाट हलले, तर विषय तेथेच संपवावा, कारण आपल्याला जिना मोकळा हवा होता आणि तो मिळाला. मुदतीनंतरही कपाट जागेवरच असेल, तर २५० रुपये, त्याच आर्थिक वर्षात पुन्हा तसेच झाले तर ५०० आणि त्यानंतर १,००० अशी चढण ठेवावी. धोक्याच्या उल्लंघनांना हीच चढण दुप्पट दराने लावता येईल. वारंवार नियम मोडणाऱ्याला अशा पद्धतीत भार जाणवतो, एकदा चुकलेल्या माणसाचा अपमान होत नाही आणि वर्षभरासाठी मर्यादेत जागाही शिल्लक राहते. नवे आर्थिक वर्ष सुरू झाले की मोजणी पुन्हा पहिल्या समजेपासून करावी; तीन वर्षांपूर्वीची चूक उकरून काढून कोणाला सवयीचा गुन्हेगार ठरवू नये.

सवलतीचे नियमही ठरावातच लिहावेत, हे मी आग्रहाने सांगतो. घरात आजारी माणूस आहे म्हणून रात्री गाडी दाराशी लावावी लागली, कोणाकडे दुःखद प्रसंग घडला आणि पाहुण्यांच्या गाड्या दोन दिवस राहिल्या, दुरुस्तीचे सामान लिफ्ट बंद असल्याने जिन्यात अडकले, अशी कारणे सर्वांनाच कधी ना कधी लागू होतात. ती लेखी असली आणि माफीची नोंद इतिवृत्तात झाली, तर माफी हा सभासदाचा हक्क ठरतो. ती नुसती सचिवाच्या मर्जीवर राहिली, तर उद्या त्याच मर्जीवरून भांडण होते.

आवाजाच्या तक्रारींसाठी ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० आधीच अस्तित्वात आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा असून रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. संस्थेचा नियम याच वेळांना धरून असावा. एखाद्याचे स्वयंपाकघरातील मिक्सर किंवा लहान मुलाचे रडणे त्यात येऊ नये, ही काळजी घ्यावी.

शेवटची सूचना निर्णय घेणाऱ्यांविषयी आहे. ज्याने तक्रार केली, ज्याने फोटो काढला किंवा ज्याचे शेजाऱ्याशी आधीपासून बोलणे बंद आहे, त्याने त्या प्रकरणाच्या निर्णयात बसू नये. सर्वसाधारण सभेने समितीबाहेरील तीन सभासद सुनावणीसाठी नेमावेत, त्यांनी दोन्ही बाजू ऐकून लेखी शिफारस करावी आणि मग संस्थेने दंडाचा निर्णय घ्यावा. तारखेसह फोटो, वॉचमनच्या नोंदवहीतील नोंद, सीसीटीव्हीचे चित्रण यांपैकी जे काही पुरावा म्हणून वापरले जाईल, ते सभासदाला आधी दाखवावे. व्हॉट्सॲप ग्रुपवर गाडीचा फोटो टाकून खाली ‘दंड ५००’ असे लिहिणे ही नोटीस नव्हे, आणि चार जणांत नामुष्की करण्याचा अधिकार कोणत्याही उपविधीने समितीला दिलेला नाही.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागते आणि तिची सूचना पूर्ण १४ दिवस आधी द्यावी लागते. त्या सूचनेसोबत दंडाचा मसुदा सर्व ८४ सदनिकांना पाठवावा. ऐनवेळच्या विषयांत हा ठराव आणू नये. तोपर्यंत सध्याच्या ठरावानुसार कोणाकडून रक्कम घेतली असेल, तर ती परत करावी.

प्रश्न : माझ्या देखभाल बिलात ‘दंड’ म्हणून १२,००० रुपये दाखवले आहेत. मी पाळीव कुत्र्याला लिफ्टमधून नेतो, एवढेच कारण तोंडी सांगितले गेले. नोटीस मिळाली नाही. मी मेंटेनन्स नियमित भरतो, पण समितीने माझी रक्कम आधी दंडात वळती केली आणि मेंटेनन्स थकल्याचे दाखवून त्यावर २१ टक्के व्याज लावले. समितीची निवडणूक जवळ आली आहे आणि थकबाकीदार म्हणून माझा अर्ज बाद होईल अशी भीती वाटते.
(सभासद, ठाणे)

उत्तर : आपल्या पत्रातील प्रत्येक टप्प्यावर संस्थेची बाजू लंगडी दिसते. नोटीस आणि सुनावणी झालेली नाही, आणि आपली संस्था २०१४ च्या उपविधींनुसार चालत असेल तर रक्कम वार्षिक मर्यादेच्या दुपटीहून अधिक आहे.

मूळ नियमही टिकणारा नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये पाळीव कुत्र्यांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. रहिवासी संघटनांनी पाळीव प्राण्यांवर बंदी घालू नये आणि लिफ्ट वापरण्यास मज्जाव करू नये, असे त्यांत स्पष्ट केले आहे. आपलीही जबाबदारी आहेच. कुत्रा दोरीने बांधलेला असावा, लिफ्टमध्ये किंवा आवारात त्याने घाण केली तर ती मालकाने उचलावी, आणि एखादे लहान मूल घाबरत असेल तर पुढच्या फेरीची वाट पाहावी. घाण न उचलण्याबद्दल संस्थेने नियम करून माफक दंड ठेवला, तर त्याला मी अन्याय म्हणणार नाही. लिफ्टमध्ये पाय ठेवल्याबद्दल दंड ही मात्र वेगळी गोष्ट आहे. २०२१ च्या अखेरीस नवी मुंबईतील एका मोठ्या वसाहतीत भटक्या कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्या रहिवाशांना दिवसाला ५,००० रुपये या दराने दंड लावला गेला आणि एका रहिवाशाच्या नावावरील रक्कम आठ लाखांवर पोहोचल्याच्या बातम्या देशभर आल्या होत्या. प्राण्यांवरून पेटलेल्या वादात आकडा किती बेताल होऊ शकतो, हे त्यावरून दिसते.

आपल्याला तातडीने करायचे आहे ते पैशांबाबत. भारतीय करार अधिनियम, १८७२ चे कलम ५९ सांगते की, देणेकऱ्याने पैसे देताना ते कोणत्या देण्यापोटी आहेत हे स्पष्ट कळवले आणि घेणाऱ्याने ते स्वीकारले, तर ते त्याच देण्यात जमा करावे लागतात. म्हणून येथून पुढे मेंटेनन्सचा धनादेश पत्रासह द्यावा आणि पत्रात ‘ही रक्कम केवळ अमुक महिन्यांच्या देखभाल शुल्कापोटी आहे, दंडाची मागणी मला मान्य नाही’ असे लिहून पोच घ्यावी. ऑनलाइन पैसे भरत असाल, तर त्याच दिवशी ईमेलने हेच कळवावे. मागील रकमांविषयीही असेच पत्र देऊन बिल दुरुस्त करण्याची मागणी करावी. संस्थेच्या थकीत शुल्कावर उपविधींनुसार सरळव्याज लागते आणि २१ टक्के ही त्याची कमाल मर्यादा आहे; व्याजावर व्याज लावता येत नाही. माझ्या मते वादग्रस्त दंडावर व्याज लावणे मुळातच चुकीचे आहे.

थकबाकीदार हा शब्द कायद्याने मोजून वापरला आहे. बिल किंवा मागणीची लेखी नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत देणे न भरणाऱ्या सभासदाला तो लागतो. आपण मेंटेनन्स भरल्याच्या पावत्या आणि वरील पत्रे जपून ठेवावीत आणि निवडणूक जाहीर झाल्यावर अर्जासोबतच त्यांच्या प्रती निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे द्याव्यात. समितीने आपल्या तक्रारीवर १५ दिवसांत उत्तर दिले नाही किंवा ते समाधानकारक नसले, तर पुढे जाता येते. सभासदाकडून जादा वसुलीचा वाद अधिनियमाच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात नेता येतो. मधल्या काळात पाणी तोडण्याची किंवा लिफ्टचे कार्ड बंद करण्याची धमकी कोणी दिली, तर ती लेखी मागावी. दंडाच्या वसुलीसाठी पाणी बंद करण्याचा अधिकार उपविधी देत नाहीत.

प्रश्न : माझी कल्याणची सदनिका भाड्याने दिली आहे. भाडेकरू तरुण नोकरदार आहेत. संस्था दर महिन्याला ‘भाडेकरू दंड’ म्हणून मेंटेनन्सइतकीच रक्कम आकारते. हे योग्य आहे का?
(सभासद, नाशिक)

उत्तर : नाही. सदनिका भाड्याने देणे हे उल्लंघन नाही, त्यामुळे त्यासाठी दंड संभवत नाही. अशा सदनिकेवर संस्था फक्त बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचे शुल्क) घेऊ शकते. राज्य शासनाच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही, आणि सेवाशुल्कात महापालिकेचे कर धरायचे नसतात. या आदेशाची प्रत जोडून जादा रकमेचा परतावा मागावा. भाडेकरूंनी खरोखर एखादा नियम मोडला, तर नोटीस आपल्याला येईल, कारण संस्थेचे नाते सभासदाशी असते. ती आली तर भाडेकरूंचे म्हणणे विचारून आपणच उत्तर द्यावे, आणि भाडेकरारात संस्थेचे नियम पाळण्याची अट घालून ठेवावी.

प्रश्न : आमची इमारत सहकारी संस्था नाही, ‘अपार्टमेंट’ आहे. असोसिएशनचे अध्यक्ष म्हणतात की ५,००० रुपयांची मर्यादा आम्हाला लागू नाही, म्हणून ते हवा तेवढा दंड लावू शकतात.
(सदनिकाधारक, कोथरूड, पुणे)

उत्तर : त्यांच्या वाक्याचा पहिला भाग बरोबर आहे, दुसरा नाही. पुण्यात अशा इमारती मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांना महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७० लागू होतो. सहकारी संस्थांचे आदर्श उपविधी त्यांच्यावर आपोआप बंधनकारक नसतात. मात्र असोसिएशनचा प्रत्येक अधिकार नोंदणीकृत घोषणापत्र आणि त्याला जोडलेले उपविधी यांतूनच येतो. त्यांत दंडाची तरतूद असेल, तर ती तिथे लिहिलेल्या मर्यादेत आणि पद्धतीने वापरावी लागेल. ती नसेल, तर अध्यक्षांच्या सहीने ती निर्माण होत नाही. आधी उपविधींत रीतसर दुरुस्ती करावी लागते. १९७० चा अधिनियम नियम न पाळणाऱ्या सदनिकाधारकाविरुद्ध देणी, भरपाई किंवा मनाई हुकूम मिळवण्यासाठी न्यायालयात जाण्याचा मार्ग देतो, म्हणजे शेवटी सर्व काही न्यायाधीशासमोर सिद्ध करावे लागू शकते. तिथे ‘हवा तेवढा’ हे उत्तर चालत नाही.

माझा सल्ला असा की मर्यादा लागू नसली, तरी तिच्याइतकीच मर्यादा असोसिएशनने स्वतःच्या उपविधींत घालून घ्यावी, आणि नोटीस व सुनावणीची पद्धतही तिथेच लिहावी. घोषणापत्राची प्रत आपल्याकडे नसेल, तर ती दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळवता येते.

प्रश्न : आम्ही अनेक वर्षे फ्लोरिडात राहतो. दिवाळीचा आकाशकंदील आणि दिव्यांच्या माळा घराबाहेर राहिल्या म्हणून आमच्या होमओनर्स असोसिएशनने १५० डॉलर दंडाचे पत्र पाठवले आहे. तिथल्या आणि इथल्या पद्धतीत काय फरक आहे, आणि आम्ही काय करावे?
(वाचक, टॅम्पा)

उत्तर : आपले घर स्वतंत्र असून असोसिएशन फ्लोरिडाच्या कायद्यातील ७२० व्या प्रकरणाखाली येत असेल, तर त्यातील ७२०.३०५ हे कलम आपल्याला पाहावे लागेल. कॉन्डोमिनियमसाठी (सामाईक मालकीच्या सदनिकांच्या इमारतींसाठी) ७१८ वे प्रकरण आहे आणि त्याच्या तरतुदी वेगळ्या आहेत.

या कलमानुसार, असोसिएशनच्या दस्तऐवजांत अन्यथा लिहिले नसेल तर, दंड प्रत्येक उल्लंघनाला १०० डॉलरपेक्षा जास्त असू शकत नाही. सतत चालू राहिलेल्या उल्लंघनाला तो दररोज लावता येतो, पण तिथेही दस्तऐवजांत अन्यथा लिहिले नसेल तर एकूण रक्कम १,००० डॉलरच्या पुढे जात नाही. दंड लावण्यापूर्वी किमान १४ दिवसांची लेखी नोटीस आणि सुनावणीची संधी द्यावी लागते. ही सुनावणी किमान तीन सदस्यांच्या अशा समितीपुढे होते, जिच्यात असोसिएशनचे पदाधिकारी, संचालक, कर्मचारी किंवा त्यांचे पती, पत्नी, आईवडील, मुले, भावंडे नसतात. संचालक मंडळाने सुचवलेला दंड या समितीने बहुमताने मान्य केला नाही, तर तो लावताच येत नाही. १,००० डॉलरपेक्षा कमी दंडासाठी घरावर बोजाही चढवता येत नाही.

आपल्या प्रकरणाला थेट लागू पडणारी दुरुस्ती २०२४ मध्ये झाली. सणाची सजावट ठरलेल्या मुदतीपेक्षा जास्त दिवस राहिली, तरी असोसिएशनने लेखी कळवल्यानंतर ती आणखी एक आठवड्याहून अधिक काळ तशीच ठेवली असेल, तरच दंड लावता येतो. सुनावणीपूर्वी चूक सुधारली गेली, तरीही दंड लागत नाही. त्यामुळे आपल्याला आधी सूचना मिळाली होती का आणि माळा कधी उतरवल्या, या दोन तारखा सर्वांत महत्त्वाच्या आहेत. त्यांच्यासह लेखी उत्तर पाठवून सुनावणी मागावी. १५० डॉलर हा आकडा कसा आला, हेही विचारावे. सण दिवाळीचा आहे म्हणून आपल्याला वेगळे वागवले गेले आणि नाताळची सजावट मात्र चालली, असे दिसत असेल, तर ते स्वतंत्रपणे नोंदवावे.

फरक विचारलात म्हणून लिहितो. रकमेची मर्यादा आपल्याकडेही आहे आणि आपल्या उत्पन्नाच्या मानाने ती योग्यच आहे. पदाधिकाऱ्यांच्या नातेवाइकांनाही बाहेर ठेवणारी स्वतंत्र समिती मात्र आपल्या उपविधींत अनिवार्य नाही, आणि डोंबिवलीच्या सचिवांना मी तीन सभासदांची सूचना केली ती याच उणिवेमुळे. वीस-पंचवीस सदनिकांच्या इमारतीत सर्वांचेच सर्वांशी नाते असते, तिथे शेजारच्या संस्थेतील एखाद्या ज्येष्ठ सभासदाला सुनावणीसाठी बोलावण्यास काहीच हरकत नसावी.

प्रश्न : आमच्या संस्थेत पाहुण्यांच्या जागेत गाडी लावल्याबद्दल सात सभासदांना दंड झाला. अध्यक्षांची दुसरी गाडी मात्र त्याच जागेत कायम असते आणि त्यांना नोटीसही जात नाही. अशा वेळी आमचा दंड आम्ही का भरावा?
(सभासद, मुलुंड)

उत्तर : आपला राग समजतो आणि तो रास्त आहे. तरीही दुसऱ्याला दंड झाला नाही, एवढ्यावरून आपला दंड आपोआप रद्द होत नाही. नोटीस व सुनावणी नियमानुसार झाली असेल, तर हरकत कायम ठेवल्याचे लिहून रक्कम भरावी आणि भेदभावाचा मुद्दा स्वतंत्रपणे, पण जोर लावून मांडावा. तो मुद्दा मजबूत आहे, कारण निवडून लावलेला दंड न्यायालयापुढे समर्थनीय ठरवणे संस्थेला अवघड जाते.

अध्यक्षही आधी सभासद आहेत आणि उपविधी त्यांना तितकेच लागू आहेत. तारखा आणि फोटोंसह लेखी तक्रार सचिवाकडे द्यावी. सचिव कचरत असतील, तर त्यांची अडचण माणूस म्हणून समजून घ्यावी, पण पोच मात्र घ्यावी. समितीच्या ज्या बैठकीत ही तक्रार येईल, तिथे त्या विषयापुरते अध्यक्षांनी आसन सोडावे आणि चर्चेत व मतदानात भाग घेऊ नये, अशी मागणी पत्रातच करावी. वॉचमनच्या नोंदवहीत पाहुण्यांच्या जागेतील गाड्यांची नोंद होत नसेल, तर ती सुरू करण्याचा आग्रह धरावा, कारण अशी नोंद सर्वांसाठी सारखी असते आणि तिच्यावर कोणाला रुसता येत नाही.

इतके करूनही समिती गप्प राहिली, तर संस्थेच्या किमान एक पंचमांश सभासदांच्या सह्यांनी विशेष सर्वसाधारण सभेची लेखी मागणी करता येते आणि ती आल्यापासून एका महिन्यात सभा बोलावणे समितीवर बंधनकारक असते. आपण सात जण आहातच, म्हणजे ३५ सभासदांपर्यंतच्या संस्थेत आपल्याच सह्या पुरेशा आहेत. मागणीपत्रात दोनच विषय लिहावेत : पाहुण्यांच्या जागेतील दंड सर्वांना समान लावणे, आणि सुनावणीसाठी समितीबाहेरील तिघांची नेमणूक. त्याची एक प्रत आपल्या प्रभागाच्या उपनिबंधकांकडे आवक क्रमांकासह द्यावी आणि दुसरी स्वतःकडे ठेवावी.